अर्थशास्त्राला मिळालेले दान

प्रस्तावना

दान हा शब्द उच्चारला की अन्नछत्र, पाणपोई, धर्मशाळा, नदीकाठचा घाट अशी चित्रे मनात येतात. पुढे त्यांत शाळेच्या इमारतीची आणि दवाखान्यातील खाटांची भर पडली. या दानांचे फळ डोळ्यांना दिसते. तहानलेला पाणी पितो, रोगी बरा होऊन घरी जातो आणि दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी भिंतीवर राहते. अर्थशास्त्राच्या अभ्यासाला दिलेल्या पैशाचे तसे नाही. मंडईत फळांचा भाव कसा ठरतो, कालव्याच्या पाण्याने शेतकऱ्याचे उत्पन्न किती वाढते, रुपयाची किंमत घसरली की नेमके कोणाचे नुकसान होते, हे शोधण्यासाठी कोणी पैसे दिले तर त्यातून हाती येते एक पुस्तक, आणि तेही बहुधा कोष्टकांनी भरलेले. शिवाय त्या पुस्तकातील निष्कर्ष दात्याला आवडेलच याची खात्री नसते. मग असे दान कोणी का करावे? आणि केलेच, तर ते घेणाऱ्याने दात्याला काय द्यावयाचे असते? केवळ आभार, की आपले मतही?

हा पाठ वाचून झाल्यावर शिष्यवृत्ती आणि अक्षयनिधी यांतील फरक तुम्हाला सांगता येईल, अर्थशास्त्रीय संशोधनाला मिळालेल्या साहाय्याची काही उदाहरणे तुम्हाला कळतील आणि वरील प्रश्नावर स्वतःचे मत मांडता येईल.

व्हाइटफील्ड आणि अमळनेर

बंगळुरू शहराच्या पूर्वेस व्हाइटफील्ड नावाची वस्ती आहे. तिचा आरंभही एका दानानेच झाला. १८८२ साली म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वाडियार यांनी युरेशियन व अँग्लो-इंडियन लोकांच्या संघटनेला शेतीवर जगणारी वसाहत उभारण्यासाठी सुमारे ३,९०० एकर जमीन दिली. संघटनेचे नेते डेव्हिड व्हाइट यांच्या नावावरून ती वसाहत ओळखली जाऊ लागली. शंभरएक वर्षे ते एक शांत खेडे होते. १९९० च्या दशकात तेथे माहिती तंत्रज्ञान उद्योगाचे मोठे संकुल उभे राहिले आणि पाहता पाहता खेड्याचे उपनगर झाले. महाराष्ट्रातूनही अनेक तरुण नोकरीसाठी तेथे जाऊन स्थायिक झाले.

या उद्योगातून बंगळुरूत जी संपत्ती जमली तिचा काही भाग विद्यापीठांकडे वळला. व्हाइटफील्डच्या दक्षिणेस, सर्जापूरच्या बाजूला, अझीम प्रेमजी विद्यापीठ आहे. कर्नाटक विधिमंडळाच्या कायद्याने ते २०१० साली स्थापन झाले. प्रेमजी यांच्या प्रतिष्ठानाच्या पैशावर ते उभे आहे. अर्थशास्त्र हा तेथील एक प्रमुख विषय असून कुटुंबाचे उत्पन्न पाहून विद्यार्थ्यांना आर्थिक साहाय्य दिले जाते. भारतातील रोजगाराची स्थिती काय आहे, स्त्रियांना कोणती कामे मिळतात, जात आणि व्यवसाय यांची सांगड अजून किती घट्ट आहे, अशा प्रश्नांवरील अहवाल हे विद्यापीठ २०१८ पासून प्रसिद्ध करू लागले. मार्च २०१९ मध्ये प्रेमजी यांनी विप्रो कंपनीतील आणखी ३४ टक्के समभागांचे उत्पन्न प्रतिष्ठानाला देऊन टाकले. त्या वेळी प्रतिष्ठानाच्या एकूण निधीचे मूल्य सुमारे १,४५,००० कोटी रुपये सांगण्यात आले.

या संपत्तीचे मूळ मात्र बंगळुरूत नाही. ते खानदेशात, जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे आहे. १९४५ साली तेथे वनस्पती तुपाचा कारखाना काढण्यासाठी स्थापन झालेली कंपनी म्हणजेच आजची विप्रो होय. शेंगदाण्याच्या प्रदेशातील तेलातुपाच्या व्यवसायाचे नफे पुढे संगणकाच्या व्यवसायात गेले आणि संगणकाचे नफे विद्यापीठात आले, असा हा प्रवास आहे. अमळनेरला तर याहून जुनी परंपरा आहे. गिरणीमालक प्रताप शेठ यांच्या पैशातून १९१६ साली तेथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले होते. व्यापारी गावाने तत्त्वज्ञानाला आश्रय द्यावा, ही कल्पना आजही थोडी नवलाची वाटते.

संपन्न माणसाने विद्येला हात द्यावा ही गोष्ट, म्हणजे, आपल्याकडे नवी नाही. केवळ अर्थशास्त्रापुरते पाहिले तर मराठी माणसाने ध्यानात ठेवाव्यात अशा दोन हकिकती आहेत. एकीत पैसा एका विद्यार्थ्याला मिळाला, तर दुसरीत एका संस्थेला.

पाठगत प्रश्न १
(अ) पाणपोईला दिलेले दान आणि संशोधनाला दिलेले दान यांत कोणता भेद सांगितला आहे?
(आ) व्हाइटफील्ड ही वसाहत कशी निर्माण झाली?

बडोद्याची शिष्यवृत्ती

बडोद्याचे महाराज तिसरे सयाजीराव गायकवाड हे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात जन्मलेले, दत्तक जाऊन गादीवर आलेले राजे. शिक्षणाचे मोल त्यांनी स्वतः उशिरा शिकायला लागून जाणले होते. १९०६ साली त्यांनी आपल्या संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकणाऱ्या भीमराव रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याला, कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या शब्दावरून, त्यांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. अस्पृश्य गणलेल्या जातीतील मुलाने पदवीपर्यंत पोहोचावे ही त्या काळी अपवादाची गोष्ट होती.

१९१३ च्या फेब्रुवारीत भीमरावांचे वडील वारले. त्याच वर्षी बडोदे सरकारने काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत पाठविण्याचे ठरविले, त्यांत त्यांची निवड झाली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी, अशा अटी होत्या. तेव्हा हे निखळ दान नव्हते, तो एक करार होता. राज्याला शिकलेला अधिकारी हवा होता आणि विद्यार्थ्याला शिक्षण. यात काही वावगे नाही. किंबहुना अट आधी स्पष्ट सांगितलेली बरी. आजही अनेक शिष्यवृत्त्या अशाच बंधपत्रावर दिल्या जातात.

कोलंबियात आंबेडकरांनी अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेतला. १९१५ साली ते एम. ए. झाले. त्यानंतर सार्वजनिक वित्तव्यवहाराचे ख्यातनाम प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. केंद्र सरकार आणि प्रांत यांच्यात कराच्या पैशाची वाटणी कशी होत आली, हा त्यातील विषय. हा अभ्यास पुढे १९२५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा तो त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला. आपल्या शिक्षणाला केलेल्या साहाय्याबद्दलची कृतज्ञता अर्पणपत्रिकेत नोंदविलेली आहे. ग्रंथाच्या आत मात्र राज्यकर्त्यांच्या कारभाराची चिकित्सा आहे, आणि तीत कोणाचीही भीड धरलेली नाही.

१९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. तेथील अभ्यास अर्धा होण्याच्या आतच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याहून परतण्याचा आदेश आला. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत विद्यापीठाकडून मिळवून १९१७ साली ते मायदेशी निघाले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या जहाजात होते ते पाणतीराच्या माऱ्याने बुडाले. त्याबद्दल भरपाई म्हणून ६०० रुपये मिळाले आणि त्याच पैशातून त्यांनी बडोद्याला जाण्याचा खर्च भागविला.

बडोद्यात त्यांना राजाच्या लष्करी सचिवाची जागा मिळाली; राहायला जागा मात्र मिळाली नाही. कोणतेही हॉटेल, कोणतीही खाणावळ अस्पृश्याला ठेवून घेण्यास तयार नव्हती. नाव लपवून ते एका पारशी उतारशाळेत राहिले. तेथे त्यांची जात उघड झाली आणि हातात काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकीत. काही आठवड्यांतच त्यांना बडोदे सोडावे लागले. हा अनुभव त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवला आहे.

येथे क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. ज्या राज्याच्या तिजोरीने या माणसाला न्यूयॉर्क आणि लंडन दाखविले, त्या राज्याच्या राजधानीत त्याला एक खोली मिळू शकली नाही. महाराजांची इच्छा चांगली होती, पैसाही पुरेसा होता. परंतु शिष्यवृत्ती एका माणसाला शिकवू शकते, त्याच्या भोवतीच्या समाजाला शिकवू शकत नाही. करारातील दहा वर्षांची सेवा कागदावरच राहिली, आणि ती मोडण्याचा दोष विद्यार्थ्याकडे जात नाही.

लंडनमधील एक देणगी

आंबेडकर ज्या लंडन स्कूलमध्ये शिकत होते, त्याच संस्थेत त्या सुमारास हिंदुस्थानातून आलेल्या पैशावर दारिद्र्याचा अभ्यास चालला होता, ही माहिती फारशी प्रसिद्ध नाही. जमशेटजी टाटांचे धाकटे पुत्र सर रतन टाटा यांनी १९१२ साली लंडन विद्यापीठाला दरवर्षी १,४०० पौंड देऊ केले. दारिद्र्याची कारणे आणि ते दूर करण्याचे उपाय यांचा शोध घ्यावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. या निधीतून उभ्या राहिलेल्या विभागाचे संचालक म्हणून आर. एच. टॉनी यांची नेमणूक झाली. त्यांनी साखळ्या घडविणाऱ्या आणि कपडे शिवणाऱ्या इंग्रज कामगारांना किमान वेतनाच्या कायद्याने काय मिळाले, याचा तपास केला. राज्यकर्त्या देशातील गरिबांची पाहणी करण्याचा खर्च वसाहतीतील एक उद्योगपती करीत होता. स्वतः अनेक गिरण्यांच्या मालक घराण्यातील माणसाने किमान वेतनाच्या अभ्यासाला पैसा पुरवावा, हेही कमी लक्षणीय नाही.

रुपयाचा प्रश्न

बडोद्याहून परतलेल्या आंबेडकरांना १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार ४५० रुपये होता. त्यातून काटकसरीने त्यांनी काही रक्कम मागे टाकली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १,५०० रुपये दिले, नवल भथेना या मित्राने ५,००० रुपये उसने दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. या वेळच्या शिक्षणामागे कोणतीही नियमित शिष्यवृत्ती नव्हती. पदरची बचत, एका राजाचे साहाय्य आणि एका मित्राचे कर्ज, असा तो जमाखर्च होता.

तेथे त्यांनी जो विषय घेतला तो समजून घेण्यासारखा आहे. १८९३ पूर्वी कोणीही टांकसाळीत चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. जगात चांदीचा भाव पडू लागला तशी रुपयाचीही किंमत पडली. हिंदुस्थान सरकारला इंग्लंडात दरवर्षी मोठी रक्कम पौंडांत भरावी लागे. रुपया घसरला की तोच भरणा भागविण्यासाठी रयतेकडून अधिक रुपये वसूल करावे लागत. म्हणून १८९३ साली सरकारने लोकांसाठी टांकसाळी बंद केल्या. पुढे रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स असा ठरविण्यात आला आणि किती रुपये पाडायचे हे सरकारच ठरवू लागले. या व्यवस्थेला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणतात. केन्स यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी तिची वाखाणणी केली होती.

आंबेडकरांचा आक्षेप असा की, चलन किती काढायचे हे अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोपविणे धोक्याचे आहे. त्याला ठरीव मर्यादा हवी. दुसरे असे की, रुपयाची खरी किंमत लंडनच्या हुंडीच्या दरात न पाहता देशातल्या बाजारात त्याने किती धान्य, किती कापड मिळते यात पाहिली पाहिजे. रुपया स्वस्त झाल्याने निर्यातदाराला लाभ होतो हे खरे. परंतु भाव चढतात आणि मजुरी त्या वेगाने चढत नाही, म्हणजे तो लाभ मजुराच्या खिशातून येतो. हा शेवटचा मुद्दा आजही वर्तमानपत्रातील रुपयाच्या बातम्या वाचताना उपयोगी पडतो.

हा प्रबंध परीक्षकांनी प्रथम स्वीकारला नाही. त्यात फेरफार करण्यास सांगितले. फेरफार करून तो पुन्हा पाठविल्यावर १९२३ च्या अखेरीस डी. एस्सी. ही पदवी मिळाली आणि ग्रंथही प्रसिद्ध झाला. त्याला प्रा. एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. त्या प्रस्तावनेत कॅनन यांनी ग्रंथातील बरेचसे युक्तिवाद आपल्याला मान्य नाहीत असे मोकळेपणाने सांगितले, आणि तरीही लेखकाच्या विचारातील ताजेपणाची तारीफ केली. गुरूला न पटणारा ग्रंथ गुरूच्याच प्रस्तावनेसह छापला जावा, यात विद्यापीठ या कल्पनेचे बरेचसे सार आले. १९२५ साली चलनविषयक शाही आयोगापुढे आंबेडकरांनी साक्षही दिली. १९३५ साली सुरू झालेली रिझर्व्ह बँक या ग्रंथातूनच जन्मली, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते जरा जास्तच सोपे करून सांगणे आहे. बँकेमागे अनेक आयोग, अनेक वाद आणि बराच काळ होता. त्या वादात हा ग्रंथ एक भक्कम आवाज होता, एवढे म्हणणे पुरेसे आहे आणि ते लहान नाही.

पाठगत प्रश्न २
(अ) बडोद्याच्या शिष्यवृत्तीला निखळ दान न म्हणता करार का म्हटले आहे?
(आ) रुपया स्वस्त झाल्याने मजुराचे नुकसान कसे होते, ते दोन-तीन वाक्यांत लिहा.

काळे यांचा अक्षयनिधी

दुसरी हकिकत पुण्याची आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली भारत सेवक समाज स्थापन केला. केंद्रीय विधिमंडळातील अंदाजपत्रकावरच्या भाषणांत गोखले सरकारला आकड्यांनीच पकडीत असत. मिठावरील कर, लष्करावरील खर्च, शिक्षणावर होणारा अपुरा खर्च हे विषय ते भावनेच्या भरात मांडीत नसत, सरकारी नोंदींतूनच मांडीत. १९१५ साली ते वारले. पंधरा वर्षांनी, ६ जून १९३० रोजी, त्यांच्या नावाने राज्यशास्त्र व अर्थशास्त्र यांच्या अभ्यासाची संस्था पुण्यात सुरू झाली. तिच्यासाठी रावबहादूर आर. आर. काळे यांनी भारत सेवक समाजाकडे निधी सुपूर्द केला होता. मुंबई विधिमंडळात साताऱ्याचे प्रतिनिधित्व केलेल्या या गृहस्थांनी संस्थेला स्वतःचे नाव न देता गोखल्यांचे नाव दिले. आज गोखले संस्था सर्वांना ठाऊक असते; काळे कोण होते हे संस्थेच्या विद्यार्थ्यांनाही विचारून घ्यावे लागत असेल.

काळे यांनी दिलेल्या निधीला अक्षयनिधी म्हणतात. यात मूळ रक्कम खर्च करावयाची नसते. ती सुरक्षित गुंतवून तिच्या व्याजातून काम चालवायचे असते. समजा, कोणी एक लाख रुपयांचा निधी दिला आणि त्यावर दर साल ६ टक्के व्याज मिळाले, तर वर्षाला ६,००० रुपये हाती येतील. त्यातून एका विद्यार्थ्याला दरमहा ५०० रुपयांची शिष्यवृत्ती कायम देता येईल. कायम हा शब्द मात्र जपून वापरला पाहिजे. महागाई दुप्पट झाली की त्या ५०० रुपयांत पूर्वीच्या अडीचशेचेच सामान येते. निधी अक्षय राहतो, त्याची ताकद मात्र क्षय पावते. आपल्या विद्यापीठांच्या नोंदींत थोर माणसांच्या नावाने दिली जाणारी पाच-दहा रुपयांची पारितोषिके आढळतात ती याच कारणाने. म्हणून जाणते विश्वस्त व्याजाचा काही भाग दरवर्षी मुद्दलात मिळवीत राहतात. जमशेटजी टाटांनी १८९२ साली वेगळी वाट काढली होती. परदेशी शिकणाऱ्यांना त्यांनी दान न देता कर्ज दिले. विद्यार्थ्याने मिळवता झाल्यावर ते फेडावयाचे आणि तो पैसा पुढच्या विद्यार्थ्याला मिळावयाचा. त्या योजनेच्या पहिल्या लाभार्थींत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या.

गोखले संस्थेचे पहिले संचालक धनंजय रामचंद्र गाडगीळ हे त्या वेळी २९ वर्षांचे होते. केंब्रिजमध्ये लिहिलेला हिंदुस्थानच्या औद्योगिक विकासावरील त्यांचा ग्रंथ तोवर प्रसिद्ध झालेला होता. १९६६ पर्यंत, म्हणजे ३६ वर्षे, त्यांनी ही संस्था चालविली. त्यांच्या कामाची रीत पाहण्यासारखी होती. मोठ्या सिद्धान्तांपासून आरंभ न करता त्यांनी शहराच्या मंडईपासून केला. पुण्यात फळांची खरेदी-विक्री कशी चालते, याची पाहणी १९३३ साली प्रसिद्ध झाली. बागाईतदार, आडते, घाऊक व्यापारी, किरकोळ विक्रेता अशा किती हातांतून फळ जाते आणि गिऱ्हाइकाने दिलेल्या पैशातील किती वाटा कोणाकडे राहतो, असे तिचे प्रश्न. १९३५ साली मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांतील मोटारबस वाहतुकीची पाहणी झाली. त्यानंतर वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाची झाली. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे भोवतालच्या प्रदेशात काय फरक पडला, याचा अहवाल १९४८ साली आला.

अशा पाहणीचे काम दिसायला साधे आणि करायला कठीण असते. शेतकरी हिशेब लिहून ठेवीत नाही. त्याच्या आठवणीतून हिशेब काढावा लागतो. घरच्या बैलाचा चारा, घरच्या बाईने केलेली निंदणी, शेजाऱ्याशी केलेला इर्जिक यांची किंमत काय धरायची, असे प्रश्न पावलोपावली येतात. कोणीतरी दारात येऊन उत्पन्न विचारतो म्हटल्यावर करवसुलीचा संशय येतो तो निराळाच. एका तालुक्याच्या पाहणीला कित्येक महिने लागतात आणि त्या महिन्यांत पाहणी करणाऱ्याला जेवावे लागते. अक्षयनिधीचे खरे काम हे असते. घाई नसलेल्या प्रश्नाला तो वेळ विकत घेऊन देतो.

प्रवरेच्या काठचा संबंध पुस्तकावर थांबला नाही. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि परिसरातील शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना उभारला, तेव्हा गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. शेतकऱ्यांनी आपल्या उसाची साखर आपणच करावी, ही कल्पना महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला कोठून कोठे घेऊन गेली, हा स्वतंत्र पाठाचा विषय आहे.

२९ जानेवारी १९३९

रावबहादूर काळे यांच्या स्मरणार्थ गोखले संस्थेत दरवर्षी एक व्याख्यान होऊ लागले. २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले सभागृहात या निमित्ताने बोलण्यासाठी डॉ. आंबेडकर आले. बडोद्याच्या पैशावर घडलेला अर्थशास्त्रज्ञ साताऱ्याच्या काळ्यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या संस्थेत बोलत होता. विषय होता संघराज्य आणि स्वातंत्र्य.

१९३५ च्या कायद्याने ब्रिटिश प्रांत आणि संस्थाने यांचे एक संघराज्य करण्याचे ठरले होते. ते स्वीकारावे की नाही, यावर देशात खल चालला होता. आंबेडकरांनी या योजनेची कलमे एकेक करून तपासली. संस्थानिकांनी नेमलेले प्रतिनिधी आणि प्रांतांतील लोकांनी निवडलेले प्रतिनिधी एकाच सभागृहात बसणार. संस्थानी प्रजेला मात्र मत नाही. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार गव्हर्नर जनरलच्या हातात राहणार. असे संघराज्य स्वातंत्र्याकडे नेणार नाही, असा त्यांचा निर्वाळा होता. ज्यांचे शिक्षण एका संस्थानिकाच्या कृपेने झाले, ते संस्थानिकांना मिळणाऱ्या अधिकारांवर टीका करीत होते. यात कृतघ्नता शोधणारे कोणी असलेच, तर त्यांना शिष्यवृत्ती या शब्दाचा अर्थ कळला नाही असेच म्हणावे लागेल. सयाजीरावांनी एका विद्यार्थ्याला विचार करायला शिकविण्यासाठी पैसे दिले होते. आपल्या बाजूने बोलणारा माणूस तयार करणे हा त्यामागचा हेतू नव्हता.

हे व्याख्यान पुढे पुस्तिकेच्या रूपाने छापले गेले. ते आजही वाचता येते.

गरिबांची मोजणी

गाडगीळ यांच्यानंतर वि. म. दांडेकर संस्थेचे संचालक झाले. त्यांनी आणि नीलकंठ रथ यांनी मिळून लिहिलेला भारतातील दारिद्र्यावरील निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. या अभ्यासाला अमेरिकेतील फोर्ड फाउंडेशनचे साहाय्य होते. परदेशी पैशावर देशी गरिबीचा अभ्यास होत असल्याबद्दल त्या काळी शंका घेतल्या जात आणि त्या अगदीच अनाठायी होत्या असे नाही. दाता कोणते प्रश्न विचारण्यास पैसा देतो आणि कोणते प्रश्न विचारले जाऊ नयेत असे त्याला वाटते, हे पाहणे संशोधकाचे आणि वाचकाचेही कर्तव्य आहे. या अभ्यासातील आकडे राष्ट्रीय नमुना पाहणीचे होते, म्हणजे कोणालाही पडताळून पाहता येणारे. तेथे दात्याच्या मर्जीला फारसा वाव नव्हता.

दांडेकर आणि रथ यांनी विचारले ते असे: माणसाला दिवसाला २,२५० कॅलरी मिळतील एवढे अन्न विकत घ्यायला कुटुंबाचा एकूण खर्च किती असावा लागतो, आणि तेवढा खर्च न करू शकणारी माणसे किती? १९६०-६१ साली खेड्यांतील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक या रेषेखाली होते, असे उत्तर निघाले. तीन पंचवार्षिक योजनांच्या काळानंतर हे वाचणे राज्यकर्त्यांना सुखावह नव्हते. उपाय म्हणून त्यांनी सार्वजनिक कामांतून रोजगार पुरविण्यावर भर दिला. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर सुरू झाली. तिची कल्पना वि. स. पागे यांनी आधीच मांडलेली होती आणि तासगाव तालुक्यात तिचा प्रयोगही झालेला होता.

त्या आकड्यावर लगेच वाद झाला, आणि तोही पुण्यातच. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचे म्हणणे असे की, प्रत्येक माणसाच्या शरीराची अन्नाची गरज सारखी नसते. एकाच माणसाचीही ती रोज बदलते. सरासरी गरजेची रेघ ओढून तिच्याखालच्या सर्वांना उपाशी ठरविले तर उपाशी माणसांची संख्या फुगते. दांडेकरांना हे पटले नाही. दोघांचे लेख-प्रतिलेख बराच काळ चालले.

गोखले संस्थेला १९९३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. गरिबांच्या मोजणीचा वाद दिल्लीपर्यंत पोहोचून तसाच पुढे चालू राहिला. योजना आयोगाने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष सुरेश तेंडुलकर यांनी २००९ साली कॅलरीचा आधार सोडून दिला आणि शिक्षण व आरोग्य यांवरील खर्चही हिशेबात धरला. २००४-०५ या वर्षी देशात २७.५ टक्के लोक गरीब होते असे जुनी रीत सांगत होती. तेंडुलकरांच्या रीतीने ते ३७.२ टक्के निघाले.

स्वाध्याय

१. एका विद्यार्थ्याला दिलेली शिष्यवृत्ती आणि संस्थेला दिलेला अक्षयनिधी, यांपैकी तुमच्या मते कोणत्या दानाचा उपयोग अधिक होतो? पाठातील उदाहरणे देऊन लिहा.
२. दोन लाख रुपयांच्या निधीवर दर साल ७ टक्के व्याज मिळते. त्यातील एक सप्तमांश व्याज मुद्दलात मिळवायचे ठरले, तर पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीसाठी किती रुपये उरतील?
३. तुमच्या गावातील बाजारात एखादे फळ किंवा भाजी शेतकऱ्याकडून गिऱ्हाइकाकडे येईपर्यंत किती हातांतून जाते, ते विचारून घ्या. प्रत्येक टप्प्यावरचा भाव लिहून एक तक्ता तयार करा.
४. एखाद्या साखर कारखान्याने ऊसतोड मजुरांच्या स्थितीवरील संशोधनाला पैसा दिला, तर त्या संशोधनाचे निष्कर्ष वाचताना तुम्ही कोणत्या गोष्टी तपासून पाहाल?